धाब्याचं घर वाचायचं कसं? एका चुकलेल्या तुळईच्या निमित्ताने

पीएच.डी.ची तयारी करणारी बरीच मुलं-मुली मला विचारतात, "ताई, विषय कसा शोधायचा?" मी माझ्यापुरतं सांगते. माझा विषय माझ्या डोक्यावर होता, अगदी शब्दशः. मेहकर तालुक्यातल्या मामाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत माजघरात आडवं पडलं की वर काळ्या कड्या दिसायच्या. मी त्या मोजायचे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, लाकडाची सूक्ष्मरचना शिकल्यावर एकदा लक्षात आलं की मी त्या कड्या फक्त मोजल्या होत्या. त्या कोणत्या झाडाच्या, हे कधी विचारलंच नव्हतं.

आज या एका घराच्या आधारे तुम्हाला सांगते की लाकडी सांगाड्याचं जुनं घर संशोधक कसं वाचतात. आणि मी ते सुरुवातीला चुकीचं कसं वाचलं, तेही सांगते. ती चूक तुमच्याही उपयोगाची आहे.

आधी घर उभं कसं राहतं ते पाहू

आपल्याकडे ज्याला धाब्याचं घर म्हणतात त्यालाच मराठवाड्याकडे माळवद म्हणतात. बाहेरून पाहिलं तर ते मातीचं घर वाटतं. हातभर किंवा त्याहून जाड भिंत, वर सपाट मातीचं छत. पण छताचं वजन कोण पेलतं हा प्रश्न विचारा, की घर वेगळं दिसायला लागतं.

वरून खाली या. सगळ्यात वर दाबून बसवलेली माती. तिच्याखाली लाकडाच्या बारीक फळ्या किंवा काटक्या दाटीने टाकलेल्या असतात, त्यांना किलच म्हणतात. किलच कड्यांवर, कड्या तुळईवर, तुळई खांबावर आणि खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडावर. खांब थेट जमिनीत न रोवता दगडावर ठेवतात, कारण जमिनीतली ओल आणि वाळवी दोन्ही लाकडाचा पाया खातात. चांगल्या घरात बाहेरचे खांब भिंतीतच बुजवलेले असतात, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत आणि आपण समजतो की भिंत छत पेलते. गरिबाच्या घरात मात्र खांबांचा खर्च वाचवून कड्यांची टोकं खरोखरच भिंतीवर ठेवलेली असतात. दोन्ही घरं बाहेरून सारखीच दिसतात.

दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. "त्यांचं घर पाच खणाचं" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला घराचा अंदाज येतो. मला गंमत वाटली ती इंग्लंडमधल्या लाकडी सांगाड्याच्या शेतघरांबद्दल वाचताना. तिथेही घर मोजायचं एकक हेच. दोन चौकटींमधल्या जागेला ते 'बे' म्हणतात आणि जुन्या चर्चच्या मालमत्तेच्या नोंदींत "तीन बेचं घर" असे उल्लेख सापडतात. दोन्हीकडे कारण एकच, लाकडाची लांबी. तुळई जेवढी लांब मिळेल तेवढाच खण. माणसाला मोठी खोली हवी असते, पण ती किती मोठी होणार हे झाड ठरवतं.

साम्य इथपर्यंत. फरक जास्त महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या त्या घरांत छप्पर उतरतं असतं, गवताचं किंवा कौलांचं, त्यामुळे तुलनेने हलकं. आणि उभ्या-आडव्या लाकडांच्या कोपऱ्यात तिरपी लाकडं असतात. कागदी पट्ट्यांची चौकट करून कोपऱ्यांत टाचण्या टोचा आणि बाजूने ढकला, ती कलंडते. एक तिरपी पट्टी लावा, घट्ट होते. त्रिकोणाचा आकार बाजू न मोडता बदलत नाही, चौकोनाचा बदलतो. आपल्या धाब्याच्या सांगाड्यात ही तिरपी लाकडं सहसा नसतात. खांबाच्या टोकाला काढलेली कूस तुळईच्या भोकात बसवलेली असते, बास. मग घर कलंडत का नाही? कारण जाड भिंतींनी त्याला चारी बाजूंनी आवळून धरलेलं असतं. म्हणजे आपल्याकडे वजन लाकूड पेलतं आणि तोल भिंत सांभाळते. हे काम वाटून घेणं कळलं की पुढचं बरंच काही कळतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट घ्या. किल्लारीचा भूकंप, तीव्रता सुमारे ६.२, मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात. त्यानंतर जी पाहणी झाली तिच्यात हा फरक नोंदला गेला. जिथे खणांचा सांगाडा स्वतंत्र होता तिथे भिंत ढासळली तरी छत अनेकदा खांबांवर तगून राहिलं. जिथे कड्या थेट दगड-मातीच्या भिंतीवर होत्या, तिथे भिंतीबरोबर छतही खाली आलं. पुढे मजबुतीकरणासाठी जे सुचवलं गेलं त्यात खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरपे आधार देणं आणि छतावरची जास्तीची माती कमी करणं या दोन्ही गोष्टी होत्या. गावोगाव मात्र निष्कर्ष एवढाच पोचला की मातीचं घर मारतं.

मातीचा हिशेब

माती किती जड असते, हे एकदा स्वतः काढून पहा. १० फूट बाय १० फुटांची खोली म्हणजे साधारण ९.३ चौरस मीटर. छतावर ३० सेंटिमीटर माती धरा. एक घनमीटर दाबलेल्या मातीचं वजन सुमारे १६०० किलो. गुणाकार केला तर साडेचार टन येतात, आणि तेही कोरडी असताना. आता यात दरवर्षीची डागडुजी मिळवा. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकायची पद्धत आहे. समजा दोन सेंटिमीटर टाकली, तर एका खोलीवर एका वर्षात जवळपास तीनशे किलो चढले. थोडी पावसाने वाहून जाते, बाकीची राहते. किल्लारी भागात काही माळवदं दोन फूट आणि त्याहूनही जाड झालेली होती, ती अशीच. घराची काळजी घेणारा माणूसच घर जड करत असतो. त्याचा दोष नाही, गळणारं छत डोक्यावर असलं की तुम्ही-आम्हीही तेच करू.

मग एवढी माती हवीच कशाला? विदर्भातला मे महिना आठवा. दिवसाची उष्णता मातीत शिरते तशी तिची तीव्रता खोलीबरोबर झपाट्याने कमी होते आणि ती उशिरा पोचते. साध्या मातीचे नेहमीचे गुणांक घेऊन उष्णतावहनाचं समीकरण सोडवलं तर ३० सेंटिमीटरवर दिवस-रात्रीच्या चढउताराचा दहावा हिस्साही पोचत नाही, आणि जो पोचतो तो आठ-दहा तास उशिरा. म्हणजे दुपारी दोनचं ऊन घरात मध्यरात्रीच्या आसपास येतं. तोपर्यंत घरची माणसं अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेली असतात! एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात शिकलेलं हे गणित मला मामाच्या घरी लागू पडेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी ते जास्त मन लावून केलं असतं.

कोणती माती, हाही प्रश्न आहे. शेतातली काळी माती छतावर चालत नाही. तिच्यातली चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि भेग म्हणजे गळती. म्हणून गावठाणातली पांढरी माती वापरायची. आणि सगळ्यात वरच्या थरासाठी आपल्याकडे आणि खानदेशात 'खारी' टाकतात. पूर्णेच्या खोऱ्यात बुलढाणा, अकोला, अमरावतीतून जाणारा खारपाणपट्टा तुम्हाला माहीत आहे. त्या जमिनीत सोडियम जास्त असतं. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि पाणी पडलं की बारीक छिद्रांत जाऊन बसतात. शेतकऱ्यासाठी हा शाप आहे, कारण जमिनीत पाणी मुरत नाही. छतासाठी नेमकं तेच हवं असतं. मृदाशास्त्र घेऊन पीएच.डी. करू पाहणाऱ्या कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या. चार गावांतल्या धाब्यांची वरची माती, त्याच गावांतली शेताची माती, दोन्हींचं विनिमयशील सोडियम आणि पाणी मुरण्याचा वेग. प्रयोगशाळा महागडी लागत नाही.

माझी चूक

मामांनी मागच्या वर्षी फोन केला, घर उतरवायचं ठरलंय. दोन भावांत वाटणी, अर्ध्या जागेवर स्लॅबचं घर. लाकूड घेणारा माणूस येऊन भाव सांगून गेला होता. मला पंधरा दिवस मिळाले. मी टेप, ओळंबा, आलेखाचा कागद आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन गेले.

जुन्या लाकडी घराचं वाचन म्हणजे बरंचसं नसलेल्या गोष्टींचं वाचन असतं. तुळईत रिकामं भोक दिसलं की तिथे कधीतरी दुसरं लाकूड बसत होतं. कड्यांवर काजळी दाट असेल तर तिथे चूल होती. इंग्लंडमध्ये जुन्या घरांच्या माळ्यावर चढून संशोधक हीच काजळी शोधतात. मधल्या दालनाच्या छपराची लाकडं धुराने काळी असतील तर समजायचं, हे घर धुराडं येण्याआधीचं, खाली जमिनीवर उघडी आग असायची. लाकडावर वाकसाने तासल्याच्या खुणा आहेत की करवतीच्या, हेही पाहायचं. करवतीच्या खुणा सरळ असतील तर हातकरवत, कमानीसारख्या वळलेल्या असतील तर गोल फिरणारी यंत्रकरवत, म्हणजे लाकूड त्या मानाने अलीकडचं.

माजघराच्या मोठ्या तुळईत मला खालच्या बाजूला एक रिकामं भोक सापडलं. बरोबर मध्यावर नाही, एका बाजूला. मी खूश! वहीत लिहिलं, "येथे पूर्वी खांब होता, नंतर काढला. माजघर मूळचे दोन खोल्यांचे असावे." आराखड्यात तुटक रेषेने भिंतही काढली. मार्गदर्शकांना रात्रीच फोटो पाठवले.

दुसऱ्या दिवशी घर उतरवायला आलेले सुतारबाबा, वय सत्तरीच्या पुढे, माझा आराखडा पाहून हसले. "वं पोरी, ते भोक या घराचं नाईच. हे लाकूड पयले दुसऱ्या घरात व्हतं." मग त्यांनी दाखवलं. त्या भोकाच्या खाली जमिनीत तळखडा नव्हता. भोकाची रुंदी घरातल्या बाकी सगळ्या भोकांपेक्षा वेगळी होती. आणि तुळईचं एक टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे अर्धी कापलेली जुनी खाच होती, जिचा या घरात कशाशीच संबंध लागत नव्हता. तिन्ही गोष्टी माझ्या फोटोंत होत्या. मी पाहिल्या नव्हत्या, कारण मला उत्तर आधीच सापडलं होतं.

लाकूड ही आपल्याकडे धनासारखी गोष्ट. घर पडलं तरी सागाची तुळई कोणी टाकून देत नाही, ती विकली जाते, हुंड्या-वाटणीत जाते, दुसऱ्या गावात दुसऱ्या छताखाली बसते. त्यामुळे आपल्या भागात "तुळईचं वय" आणि "घराचं वय" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

वय काढायचं कसं?

वय कागदावरून निघेल असं वाटतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ पाहिला, त्यात कर आहे, घर कधी बांधलं ते नाही. कार्बन-१४? साधारण १६५० नंतरच्या काळासाठी त्याचा आलेख इतका वरखाली होतो की एकाच मोजणीतून दोन-तीन वेगवेगळे कालखंड निघतात. आपली बहुतेक घरं त्याच काळातली.

उरतात झाडाची वर्तुळं. पावसाळा चांगला तर वर्तुळ रुंद, दुष्काळ तर अरुंद. एका प्रदेशातल्या एकाच जातीच्या झाडांत हा रुंद-अरुंद क्रम बराचसा जुळतो. जिवंत झाडापासून सुरुवात करून, जुन्या लाकडाचा क्रम त्याला सांधत मागे जायचं. अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ही पद्धत उभी केली. त्याच्याकडे दोन साखळ्या होत्या, एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी आणि एक प्राचीन वस्त्यांच्या तुळयांची, पण अधांतरी. १९२९ साली ॲरिझोनातल्या शो लो या गावी सापडलेल्या एका जळक्या तुळईच्या तुकड्याने, एचएच-३९ त्याचा क्रमांक, दोन्ही साखळ्या जोडल्या आणि डझनावारी वस्त्यांची वर्षं एकदम ठरली.

उष्ण कटिबंधातल्या बहुतेक झाडांत वर्षाची वर्तुळं धड दिसत नाहीत. साग त्याला अपवाद. वाढीच्या सुरुवातीला तो मोठी छिद्रं तयार करतो, नंतर बारीक, त्यामुळे वर्तुळाची सीमा भिंगाखाली स्वच्छ कळते. जावा बेटावरच्या सागाची १५१४ ते १९२९ अशी साखळी बर्लागे यांनी १९३१ मध्येच मांडली होती. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या गटाने केरळमधल्या सागाची ५२३ वर्षांची साखळी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना घरांत रस नव्हता, त्यांना जुने दुष्काळ शोधायचे होते. पण तुळई मोजणाऱ्यालाही तीच साखळी लागते, फक्त आपल्या भागातली.

दोन अडचणी लक्षात ठेवा. एक, वर्तुळं झाड तोडल्याचं वर्ष सांगतात, बांधल्याचं नाही. दोन, सुतार सालीखालचं पांढरं लाकूड काढून टाकतो कारण वाळवी आधी तेच खाते. त्याबरोबर शेवटची वर्तुळंही जातात. मग "अमुक वर्षानंतर कधीतरी तोडलं" एवढंच म्हणता येतं.

आणि सगळंच लाकूड सागाचं नसतं. मामाच्या घरात तुळया सागाच्या निघाल्या, पण कड्यांत बाभूळ आणि कडुनिंब मिसळलेले. ब्लेडने टोकाचा एक स्वच्छ काप घेतला की भिंगाखाली फरक दिसतो. माझा अंदाज असा, की तुळईपुरतं पैसे मोजून लाकूड आणलं आणि कड्या बांधावरच्या झाडांच्या केल्या. तो अजून अंदाजच आहे, कारण माझ्याकडे सध्या अकरा घरं आहेत.

केंटमधलं बेलीफ हे शेतघर या संदर्भात मला फार जवळचं वाटतं. बाउ बीच जलाशयाखाली ते जाणार होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते एकेक लाकूड सोडवून काढलं आणि ससेक्समधल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभं केलं. वर्तुळांवरून कळलं की त्याचं मधलं दालन १४०५ ते १४३० च्या दरम्यानचं आणि वरच्या बाजूचा एक खण १५०५-१० च्या सुमारास जोडलेला. म्हणजे शंभर वर्षांचं अंतर, एकाच छताखाली. जलाशय आपल्याकडेही आहेत. देऊळगाव राजाजवळचा खडकपूर्णा झाला, नांदुऱ्याकडे पूर्णेवर जिगावचं काम आहे. गावं हलतात तेव्हा लाकूडही हलतं, पण कोणतं लाकूड कुठल्या खणातलं हे कोणी लिहून ठेवत नाही. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या वाड्याचं दगडी प्रवेशद्वार पाहायला आपण सगळे शाळेच्या सहलीत गेलोय. दगड टिकतो, त्याला फलक मिळतो. कुणब्याच्या, सुताराच्या घराला फलक मिळावा असा माझा आग्रह नाही. नकाशा तरी मिळावा.

तुम्ही हे करायला निघालात तर आधी घरच्यांशी बोला. "सरकारला सांगून घर अडकवणार का?" हा प्रश्न मला सात घरांत विचारला गेला. खरं उत्तर द्या, लेखी परवानगी घ्या, आराखड्याची एक प्रत त्यांना द्या. छिद्र पाडून नमुना घ्यायची घाई करू नका. घर उतरत असेल तर टोकाचा चकतीएवढा तुकडा पुरतो, आणि उतरत नसेल तर फोटो आणि मोजमाप. उतरवण्याआधी प्रत्येक लाकडावर खडूने क्रमांक टाका. मी दुसऱ्या दिवशी टाकले, तोवर ओसरीच्या चौदा कड्या एकावर एक रचून झाल्या होत्या, आणि त्यांची जागा आता कोणालाच सांगता येत नाही.

ती मोठी तुळई विकली गेली. मामांनी व्यवहारात एक अट घातली, की भिंतीत शिरणारी दोन्ही टोकं हातभर कापून "आमच्या पोरीला" द्यायची. लाकूडवाल्याने त्याचे पैसे कमी केले, किती ते मामा सांगत नाहीत. दोन्ही ठोकळे प्रयोगशाळेत माझ्या टेबलाखाली आहेत. एकावर १२७ वर्तुळं मोजून झाली आहेत, दुसऱ्यावर परवा घासकाम सुरू केलं. अर्धी खाच याच दुसऱ्यावर आहे.